व्याह्यांपुढचा शिरा

शिरगाव, ९ नोव्हेंबर १९८६

पुतणीची सोयरीक ठरली. पण मला राहून राहून दादाचा तांब्याच दिसतोय.

मुलाचे वडील बोईसरला आरोग्य खात्यातले डॉक्टर. आल्या आल्या म्हणाले, वरून हुकूम आहे, गावोगाव सांगा, साखर कमी खा. एवढं सांगून त्यांनीच शिऱ्याची बशी दादापुढे सरकवली. शिरा त्याच सरकारने दिवाळीला रेशनवर दिलेल्या जादा साखरेचा!

"घ्या व्याही, आज नाही म्हणायचं नाही."

दादाला मधुमेह. कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून घरात सगळ्यांची तोंडं बंद. मी बोलणार तोच दादा म्हणाला, "आमाला काय धाड भरलीय? वाढा अजून!" नि गटागटा पाण्याचा तांब्या रिकामा केला. वर म्हणतो, "ऊन फार हाय." संध्याकाळी!

डॉक्टर हसले. त्यांना कळलं नसेल? की कळूनही बशी पुढे केली?

आता दादा आत पडलाय, सारखं पाणी मागतोय. तांब्या भरता भरता पुतणी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, मोडली तर मोडू दे. सकाळी बोईसरला जा नि सांगा त्यांना."

माझी जीभ तिखट म्हणतात. उद्या व्याह्यांसमोर उचलली तर खरी.