करिष्माच्या माशासाठी हीटर

घाटनांदूर,
१४ डिसेंबर २०२४

चि. करिष्मा हिस,

अनेक आशीर्वाद. सवयीनं तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिलं गेलं, म्हणून पहिला कागद फाडून हा दुसरा घेतला. फोन तू उचलत नाहीस, त्यात तुझी चूक नाही. इकडं मी आणि तुझे मामंजी बरे आहोत. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. थंडी मात्र यंदा लई आहे.

तुझा निळा फायटर मासा जिवंत आहे. खरं तर आधी तेच सांगायला हवं होतं.

तू माहेरी उमापूरला गेलीस तेव्हा काचेची टाकी इथंच राहिली. मी त्याला रोज चार दाणे टाकत होते, कुणाला न सांगता. या महिन्यात तो तळाशी जाऊन बसला. पंख मिटलेले, दाण्याकडं बघेना. मी चुलीवरचं ऊन पाणी ओतायला निघाले तर मामंजींनी हात धरला. एकदम ऊन पाणी लागलं तर मरंल म्हणाले. टाकीसाठी हीटर मिळतो, हे त्यांना आदिनाथनंच कधीतरी सांगितलं होतं. अंबाजोगाईत मिळाला नाही, म्हणून मंगळवारी मीच एसटीनं बीडला गेले.

दुकानात तात्याबा म्हणून म्हातारे गृहस्थ होते. थंडी फार आहे, मोठ्यात मोठा द्या, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, टाकीत पाणी किती मावतं? मला सांगता येईना. मामंजींना फोन केला, त्यांनी टेप लावून लांबी, रुंदी, उंची सांगितली. चोवीस लिटर निघालं. तात्याबांनी बोटाएवढा पंचवीस वॅटचा हीटर काढून दिला.

"लहान पाण्याला मोठा हीटर लावला आन् तो बंद व्हायचा राहिला, तर मासा शिजंल, बाई," ते म्हणाले. "ऊब बी बेतानंच द्यावी लागती."

हीटर घेऊन स्टँडवर आले तर समोर गेवराईची गाडी लागलेली. तिथून उमापूर किती लांब? मी पायरीपाशी गेले, कंडक्टरनं विचारलंसुद्धा, यायचं का म्हणून. गाडी गेली. मी तिथंच उभी.

बुधवारी सकाळी हीटर बसवला. नळीवरच्या खुणेपर्यंत पाण्यात बुडवायचा, अर्धा तास तसाच ठेवायचा, मगच बटण दाबायचं, नाहीतर काच तडकते. हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावून तोच बघायचा. पाणी अठरा अंशांवर होतं, ते सव्वीसवर न्यायचं, पण दिवसाला दोन अंशच. एवढं सगळं नीट केलं. पण थर्मामीटरवरच्या बारीक रेघा मला दिसेनात.

मग मी ट्रंकेतून चष्मा काढला.

मामंजी बाजूलाच होते. "हा चष्मा कवाचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "आदिनाथ आणायला गेलता तो."

करिष्मा, त्या दिवशी तो तुझ्या माशाचं खाद्य आणायला गेला नव्हता. माझा चष्मा तयार झाल्याचा दुकानातून फोन आला होता. तो उद्या जातो म्हणाला, मीच म्हटलं आजच जा. खाद्याची डबी त्यानं वाटेत घेतली असेल. अपघातानंतर त्याच्या सामानाची पिशवी आली ती आधी मी उघडली. चष्म्याचं घर मी पदराखाली घेतलं. डबी राहिली, ती सगळ्यांनी पाहिली. सुंदररावभाऊजी म्हणाले, माशापायी पोरगा गेला. तू माझ्याकडं बघितलंस. मी मान खाली घातली. पुढं लोक बोलत राहिले, आणि चौदाव्याला तुझ्या वडिलांना मी माझ्या तोंडानं म्हणाले की हिला घेऊन जा, हिच्या हौशीनं माझं घर बसलं.

तू डोळ्यांसमोर असलीस की मला तो चष्मा आठवायचा. म्हणून तू मला घरात नको होतीस. हे खरं कारण आहे, दुसरं काही नाही.

मामंजी खाली बसले. मग म्हणाले, "आन् आपुन त्या पोरीला..." त्या दिवशी ते माझ्या हातचं जेवले नाहीत. काल भाऊजींना आणि भावकीला घरी बोलावलं. मामंजी सांगतो म्हणाले, पण मीच सांगितलं. भाऊजी उठून गेले. जाऊबाई रडल्या. मी रडले नाही. मला तो अधिकार नाही असं वाटलं.

आज पाणी सव्वीसवर आलं. सकाळी मासा वर आला आणि त्यानं दोन दाणे खाल्ले. तुला कळावं म्हणून लिहिते.

उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं उमापूरला येतो आहोत. तुझ्या आई-वडिलांसमोर आणि ज्यांनी ज्यांनी तुला बोल लावला त्यांच्यासमोर मी हे तोंडानं सांगणार आहे. परत ये, असं म्हणायला येत नाही. तू शिक, नोकरी कर, दुसरं घर मांड. तुझ्या मनाला येईल ते कर, इथून कुणी आडवं येणार नाही. आम्हाला घरात घ्यायचं नसेल तर तेही तुझ्या मनावर. मी अंगणातून सांगेन.

माफी या कागदावर मागत नाही. कागदाला तोंड दाखवावं लागत नाही.

सासू म्हणून सही करायला हात धजत नाही.

आदिनाथची आई,
विमल