गुडघ्यावरचं मुकं बटण

पारोळा,
फेब्रुवारी १९९६

आदरणीय सुकदेव नानांना धाकट्या मावसभावाचा, म्हणजे वाल्मीकचा, नमस्कार. साष्टांग घातला असता, पण उजवा गुडघा वाकत नाही (कारण पुढे येईल), म्हणून उभ्यानेच गोड मानून घ्या. जळगावात तुमचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आणि वहिनींचा दमा दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे काहीच ताब्यात नाही. मी बासरी सोडली.

तुम्ही मुंबईहून आणून दिलेल्या लूप पेडलबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. जोडीला बासरी धरणारा कौतिक सुरतेला कामाला गेला, आणि तोतारामभाऊंच्या गाण्याच्या पार्टीत मी एकटा पडलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पायाने एकदा दाबलं की वाजवलेलं साठवायचं, पुन्हा दाबलं की तेच फिरून फिरून ऐकवायचं, एवढं गुणी यंत्र. फक्त दाबताना ते ‘टक्’ असं बोलायचं. फळ्यांचं स्टेज, समोरच माझा माइक, त्यामुळे ते टक् बासरीबरोबर साठवलं जायचं आणि तिच्याबरोबरच फिरायचं. धरणगावच्या कार्यक्रमात तर आमचा तबलजी अभिमन स्वतःचा ठेका सोडून त्या टक्‌च्या मागे गेला. (त्याचं म्हणणं, ते माझ्यापेक्षा लयीत होतं.)

मग मी आवाज मारायच्या मागे लागलो. अनवाणी दाबून पाहिलं. खाली गादीचा तुकडा घातला, तर पेडल त्यात बुडालं आणि मी भलत्याच जागी पाय देऊन अभिमनचा डग्गा लवंडवला. सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलं, तर टक्‌चं ‘फुस्स’ झालं आणि पुढच्या रांगेतली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. शेवटी तुम्हीच मागल्या पत्रात लिहिलंत की पेडलच्या मागच्या भोकात वायर घालून बाहेरचं बटण जोड. मी दारावरच्या घंटीचं मऊ बटण जोडलं आणि ते फडक्याने गुडघ्याच्या आतल्या बाजूला बांधलं. मांडी जराशी आवळली की काम होई, आणि आवाज म्हणाल तर पापणी मिटण्याइतकाही नाही. (फडकं इतकं घट्ट बांधत होतो की गुडघा सुजला. पण कलेसाठी तेही सोसलं.)

अशा तयारीने आम्ही शिंदखेड्याला गेलो. आधार मास्तर वारले, त्यांची शोकसभा. मास्तरांना बासरीचं वेड होतं, म्हणून त्यांच्या फोटोशेजारीच मला बसवलं. फोटोच्या दुसऱ्या बाजूला त्यांची बायको झुंबरबाई, डोक्यावरून पदर, मान खाली. मास्तरांचे धाकटे भाऊ रुपचंद नाशकाला मोठे साहेब आहेत. त्यांनी माइकवरून जाहीर केलं की वहिनी आता कायमच्या नाशकाला येतील आणि या घराचं वाचनालय होईल. वहिनींना कोणी काही विचारलं नाही. लगेच सगळे स्तब्धतेसाठी उभे राहिले.

मीही उभा राहिलो, दोन्ही गुडघे जुळवून, आदराने. तिथेच घात झाला. बटण दाबलं गेलं, आणि ते मुकं, मला कळणार कसं? उठून फोटोपुढे, माझ्या माइकला लागून उभी राहिलेली झुंबरबाई फोटोकडे बघून हळूच काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात मला पेडलवरचा लाल दिवा दिसला. बंद करावं म्हणून मी गुडघा आवळला, आणि नाना, भर स्तब्धतेत चारी भोंग्यांतून आवाज आला, “आते तरी मनं आयका!” जरा शांतता. पुन्हा, “आते तरी मनं आयका!” मी आणखी आवळतोय, बटण दाबलं जातंय की नाही तेच कळेना, आणि बाई अख्ख्या शिंदखेड्याला सांगतेय, आता तरी माझं ऐका. शेवटी अभिमनने वायरच उपटली.

झुंबरबाईने आधी पदर तोंडावर ओढला. मग तो बाजूला केला. रुपचंदसाहेब काही बोलणार तोच ती म्हणाली, “मी नाशिकले येत नही. मी आठेच राहसू. मना घरमा.” शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून मागच्या बायका नुसत्या उठल्या आणि तिच्याभोवती येऊन बसल्या. ती इथेच राहणार म्हटल्यावर साहेब तोतारामभाऊंना वाटेल ते बोलले. भाऊ पारोळ्याला टेम्पोतून उतरताना म्हणाले, “वाल्मीक, उद्यापासून येऊ नको.” इतकी वर्षं वाजवलं, नाना, आणि शेवट असा. आता ओठाला बासरी लावायची नाही. जीव कशातच लागत नाही.

तुमचा खचलेला,
वाल्मीक

ता. क. : जळगावात बारीक बोटांना पुरेल अशी बासरी मिळाली तर एस. टी.ने लगेच पाठवा. झुंबरबाईचा निरोप आलाय, तिला शिकायचंय. मास्तरांनी उभ्या जन्मात तिला बासरीला हात लावू दिला नाही म्हणे. दर रविवारी जायचं कबूल केलंय.

आणखी एक : आमच्या हिला मी बासरी सोडल्याचंच सांगितलंय, तुम्हीही तसंच सांगा. आणि बासरी चांगली खणखणीत बघा. मी झुंबरबाईला कळवलं होतं की सुरुवातीला हळू फुंकायचं असतं. तिचं उत्तर आलं, हळू मले येस, जोरमा शिकाड.