टोमॅटोच्या पानाची मागची बाजू

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या सर्वांत लाडक्या भाचीचा (दुसरी भाची तुला नाही हे ठाऊक असूनही) साष्टांग नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर का नाही सांगितलंस म्हणशील, तर फोनवर तू बोलू कुठे देतेस? जेवलीस का, झोपतेस का, केस गळायचे थांबले का, एवढं विचारून होतं आणि तुझ्या तब्येतीची पाळी आली की नेमकं तुझं दूध उतू जातं. (हल्ली तुमच्याकडे दूध फार उतू जातं.) काकांची तब्येत कशी आहे ते विचारत नाही. ते न विचारता सांगतात. गुडघा, पाठ, मान असं करत ते खालून वर जातात आणि 'आता माझं काही खरं नाही' म्हणून फोन ठेवतात.

तू शिवून पाठवलेला पांढरा कोट रोज घालते. मी इथे टोमॅटोला औषध देते असं तू शेजारणींना सांगतेस म्हणे. (बातमी दादाकडून. मुलगा तुझा, पण चुगल्या माझ्याकडे करतो.) अगं, उलट आहे! मी टोमॅटोला आजारी पाडते. पानांवर बुरशी सोडायची आणि काय होतं ते बघत बसायचं, यासाठी मला पगार मिळतो. यात हसण्यासारखं काही नाही. झाड वाटतं तितकं बावळट नसतं, मावशी. बुरशी पानात शिरली की झाड तिच्या अंगावरचं कवच कुरतडतं. त्या कवचाचे बारीक कण खाली पडले, की पानातल्या पहारेकऱ्यांना लगेच वास लागतो, घरात कोणीतरी शिरलंय! मग आरडाओरडा. पण आमची बुरशी पक्की बिलंदर. ती आपले सांडलेले कण स्वतःच वेचून लपवते, झाडाला ताकास तूर लागू देत नाही. झाड बिचारं हिरवंगार, आनंदात, आणि ही आत पाय पसरून बसलेली.

हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि डोक्यात शिरणं यात किती अंतर असतं, ते आता ऐक. आमच्या मोठ्या बाई (म्हणजे साहेब, पण त्यांना साहेब म्हटलेलं आवडत नाही) आठवडाभर बाहेरगावी गेल्या. जाताना काचघर माझ्यावर सोपवलं आणि बजावलं, पाणी घाल, बाकी कशाला हात लावू नकोस. कुठल्या कुंडीत कुठल्या जातीचं झाड ते मला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं, कारण माणूस एखाद्याची बाजू घेतो. मी तर घेतेच. दोन दिवसांत एका फळीवरच्या रोपांवर तपकिरी ठिपके आले. शेजारच्या फळीवरची पानं तुकतुकीत, जणू आत्ताच तेल लावून विंचरलेली. या निरोगी लेकरांना लागण होईल म्हणून मी ठिपकेवाली सगळी रोपं उचलली आणि आमच्या राक्षसी प्रेशर कुकरात मावली तेवढी घालून वाफवून टाकली. डोळे पुसत पुसत, पण टाकली. मग तुकतुकीत रोपं बाईंच्या टेबलावर ओळीने मांडली, दारातून शिरताच दिसावीत अशी.

बाई आल्या. त्यांनी एक तुकतुकीत पान उलटलं. मागे बुरशीची मखमल पसरलेली! दुसरं उलटलं, तेच. मग त्यांनी ठिपकेवाल्यांची चौकशी केली, मी कुकराकडे बोट दाखवलं आणि त्या खुर्चीत बसल्या. ठिपके म्हणजे आजार नव्हता गं. त्या झाडांनी बुरशी ओळखली होती आणि ती पुढे सरकू नये म्हणून तिच्याभोवतीचा आपलाच थोडा भाग मारून टाकला होता. कुरकुर करणारी सगळी जगणार होती, आणि गप्प बसलेली आतून पोखरत चालली होती. बाई एवढंच म्हणाल्या, "ज्याची तक्रार नाही, त्याचं पान आधी उलटायचं." रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

कुकरात न मावल्यामुळे एक ठिपकेवालं रोप वाचलं. त्याचं नाव मी 'काका' ठेवलंय, आणि ते जोमात आहे. तुकतुकीतांपैकी एकाला नाव द्यायला गेले, तर तुझंच नाव तोंडावर आलं. मला तिथेच रडू फुटलं. बाईंना वाटलं, मी प्रयोगासाठी रडतेय.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, दादाला धपाटा.

तुझी,
टकळी

ता. क. कोटाचा डावा खिसा तिरका बसलाय. तक्रार नाही करत, मी तो उसवणारही नाही. पण एक सूत वाकडं गेलं तर अख्खी बाही उसवणारी बाई तू. तुझे हात कापतात का गं?

आणखी एक. दादा म्हणतो, आई हल्ली जिन्याच्या मधल्या वळणावर चपलेचा पट्टा नीट करायला थांबते. रोज थांबते. मावशी, त्या बुरशीला निदान आपले कण स्वतः वेचावे लागतात. तुझ्या आजाराचे कण तर तूच वेचून लपवतेस. शनिवारी येतेय, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. काकांना सांगितलंय. (ऐकताच त्यांना चक्कर आली. ते बरे आहेत.)

शेवटचं. येताना तुझ्यासाठी नव्या चपला आणतेय, बिनपट्ट्याच्या. आता जिन्यात थांबशील तेव्हा 'दम लागला' असंच म्हणावं लागेल. म्हण. मी शेजारी थांबलेली असेन.