आमच्यात जुळं नाय

३ जानेवारी
नाय, आमच्यात कुणालाच जुळं नाय. डॉक्टरीणबाई फॉर्म भरत होती, तिला तोंडावर सांगून टाकलं. पहिलं बाळंतपण म्हणून निकी माहेरी हडपसरला आलीय, मग उत्तरं आईनंच द्यायची ना. पोटात दोन. पहिल्याचं डोकं खाली, दुसरं आडवं. डॉक्टरीण म्हणाली, नॉर्मलचा प्रयत्न करता येईल, पण दुसऱ्यासाठी ऐनवेळी ऑपरेशन लागू शकतं. नायतर आधीच सिझर. ठरवायचं निकीनं.
आपण तोंड घालायचं नाय. पक्कं.

४ जानेवारी, सकाळी
तोंड घातलं. पण तिनंच विचारलं, आई, मी कशी झाले? सांगितलं. लोणी काळभोरला, घरीच, सुईण आली, दोन तासांत मोकळी. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापल्या. म्हणजे नणंदेनं थापल्या, मी चुलीपाशी बसले होते.

९ जानेवारी
जावई हिंजवडीहून लॅपटॉप घेऊन आले. एकीकडं सिझर, एकीकडं नॉर्मल, खाली हिरवे-लाल रंग. म्हटलं, इंद्रजीतराव, कळा कुठल्या रकान्यात टाकल्या? हसले नाय. त्यांचं मत सिझर. मी एवढंच म्हटलं, माझी लेक हाय, सोसंल. हा काय सल्ला नव्हं.

१५ जानेवारी
निकीनं नॉर्मल ठरवलं. म्हणाली, "तुझ्याकडं बघून ठरवलं, आई." मी तर काही बोललेच नव्हते.
गावाकडनं टेम्पोत घालून जातं आणलं. दळलं की बाळंतपण सोपं जातं. लिफ्ट बंद, दोघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. डॉक्टरीण म्हणाली, हात लावायचा नाय. आता त्यावर जावयांचा लॅपटॉप चार्जिंगला असतो.

२ फेब्रुवारी, दुपारी ३
कळा सुरू. आज रडायचं नाय, निकीला हसवायचं. एक जोक केला, नर्सनं बाहेर काढलं.

संध्याकाळी ६
पहिली मुलगी, अगदी नॉर्मल. जावयांना म्हटलं, बघा.

संध्याकाळी ७
दुसऱ्याचे ठोके मंद झाले. पळापळ. सही जावयांनी केली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. पोट कापून काढला. मुलगा. रडला.

४ फेब्रुवारी
नातू काचेच्या पेटीत हाय, उद्या बाहेर देतील. निकीला खाली टाके आणि पोटावर पण टाके. दोन्हीकडचं भोगलं पोरीनं. जावई बोलत नायत.
दुपारी निकीनं माझा हात धरला. म्हणाली, "तुला जमलं ते मला नाय जमलं गं."
मी उशी सारखी केली. चादर सारखी केली. उद्या सांगीन.
परवा सांगीन.
ह्यांना ठाऊक होतं आणि सुईणीला. दोघंही गेली, म्हणून मला वाटलं, मिटलं.
निकी एकटी नव्हती. तिच्यामागनं पोरगा होता, आडवाच. सुईणीनं हात घालून ओढला. तो रडला नाय.