माझ्या शब्दावर लागलेली कुस्ती

आषाढ शु. ६, शके १८५७

सावनेरची सभा. गर्दी बरी. पुढच्या रांगेत बायका, म्हणून हातचं राखून बोलले नाही. परतीच्या सर्व्हिस मोटारीत घसा पार बसला. घरी आले तर पै. वखारीतून आधीच आलेले, चुलीवर हळद घालून दूध ठेवलेलं.

(लग्नाला बावीस वर्षं झाली. पडद्याविरुद्ध गावोगाव बोलते, पण कागदावर नवऱ्याचं नाव लिहायला हात अडतो तो अडतोच. पै. पुरे. पैलवानच तर आहेत.)

दूध पिताना हळूच म्हणाले, "औंदा लंगोट मारुतीपाशी ठेवून द्यावा म्हणतो."

म्हणजे कुस्ती सोडायची. पंचेचाळीस पूर्ण झाली. नागपंचमीच्या दंगलीतली शेवटची मानाची कुस्ती मी या घरात आले तेव्हापासून त्यांचीच. गेल्या साली कशीबशी राखली आणि मान धरून घरी आले. हाडवैद्य तेव्हाच म्हणाला होता, या मानेला आता एकही हिसका नको, हातपाय लुळे पडतील.

मी म्हटलं, "ठेवा." तेवढंच. आनंद दाखवला असता तर फिरले असते.

आषाढ शु. ९

पौर्णिमेला ठेवायचं ठरलं, वस्तादांच्या समक्ष. पै. वखारीतून लाकडाचा भुसा अंगावर घेऊनच आले आणि तसेच ओट्यावर बसले. मी वाचत होते, ग्रीकांच्या मल्लांविषयी. त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ते म्हातारे झाले मंग काय करत?" पुस्तकात ते नाही.

आषाढ शु. १२

इतवारी पेठेत सभा. विषय: आजचा तरुण. कापडबाजाराच्या तोंडाशी, हातगाड्या बाजूला सारून जागा केलेली. चांगली रंगली. फार चांगली रंगली, तिथेच घात झाला. तरुणांच्या सुस्तीवर बोलत होते आणि बोलता बोलता तोंडातून गेलं, "तुमच्या दंडांना झालंय काय? माझे पती पंचेचाळीस वर्षांचे आहेत. येत्या नागपंचमीला त्यांच्यासमोर उभा राहील असा एक तरी तरुण या जिल्ह्या-दोन जिल्ह्यांत आहे का?"

टाळ्या. मग मागच्या हातगाडीवर एक पोरगा उभा राहिला. उंच, कुस्तीनं कान मुडपलेले. हात जोडून, अगदी नम्रपणे, "मी राहतो बाई. भंडाऱ्याचा नथ्थू."

पै. नेहमीप्रमाणे शेवटी, पानाच्या ठेल्यापाशी उभे होते. इतक्या डोक्यांवरून त्यांचा चेहरा दिसला. पान हातात तसंच राहिलेलं.

वाटलं, सभेतलं बोलणं सभेत विरेल.

आषाढ शु. १३

विरत नाही.

पै. म्हणाले, "चारचौघात आव्हान गेलं की ते गेलं. तू दिलं काय, मी दिलं काय."

"पण तुम्ही तर लंगोट ठेवणार होता."

"होतो."

मी वस्तादांकडे गेले. ते आखाड्याच्या बाहेरच्या पायरीवर बसले होते. मी रस्त्यावर उभी, कारण बाईमाणूस त्या पायरीच्या आत जात नाही. यावर पूर्वी दोनदा भांडले आहे, आज ते भांडण काढलं नाही. म्हटलं, वस्ताद, बोलण्याच्या भरात गेलं, मिटवा.

वस्ताद ऐंशीच्या घरातले. कानानं कमी, बाकी सगळ्यानं जास्त.

"सूनबाई, सत्याग्रहात जेलात गेली तवा माफी लिहून देली असती तं लवकर सुटली असती ना तू?"

"हो."

"काहून नाही देली?"

"शब्द दिला होता."

"मंग."

नंतर त्यांनी आखाड्याचा नियम सांगितला. ज्याच्या शब्दावर कुस्ती लागते त्यानं मैदानाच्या काठी हजर असावं लागतं, आणि मध्येच ती सोडवायची झाली तर फक्त त्यानंच आपला शब्द मागे घेऊन सोडवायची. दुसऱ्या कोणाला तो हक्क नाही, वस्तादांनाही नाही.

म्हटलं, मग आत्ताच मागे घेते.

"घे ना. पण मंग त्याले मरेपर्यंत म्हणतीन, बायकोच्या पदराआड लपला."

घेतला नाही. निघताना वस्ताद डोकं खाजवत होते. "शब्द बाईचा, अन् बाईले तं मैदानाजवळ येता येत नाही. मीच फसलो बाप्पा."

आषाढ व. १

पौर्णिमा गेली. लंगोट घरीच.

पहाटे जोर-बैठका सुरू. बदाम वाटायला मी. अंगाला तेल लावताना गुणगुणत होते. गुणगुणणं ऐकून माझं डोकं फिरलं. "लंगोट ठेवतो म्हणणारे ते कोण होते?"

"तेही मीच होतो. खुशीत नोहतो."

आषाढ व. ४

मी भांडले. म्हटलं, लुळे पडाल, मी काय करू? ते म्हणाले, "तू जेलात गेली तवा मी इचारलं का, मी काय करू म्हणून?"

पै. उठून पाणी प्यायला गेले, जिंकल्याचं तोंड मला दिसू नये म्हणून.

खरी अडचण वेगळी. प्रत्येकाचं शरीर हे ज्याचं त्याचं, त्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता नाही, नवऱ्याचीही नाही, हे मी शंभर व्यासपीठांवरून सांगितलं. मग बायकोची तरी कशी? आपलंच भाषण दारात आडवं पडलेलं, ओलांडता येत नाही.

आषाढ व. ५

हाडवैद्य येऊन गेला. बराच वेळ मान चाचपली. "पडा, पाठीवर पडा, कुल्ह्यावर पडा. मान देऊ नका." पै. म्हणाले, "पडायचंच सांगून राहिला का गा तू?" दोघेही हसले. मी नाही.

आषाढ व. ९

नथ्थू घरी आला. पाया पडायला. म्हणजे कुस्तीच्या आधी पाडायच्या माणसाच्या पाया पडायला. जेवायला बसवला. भाकऱ्या थापता थापता माझे हात दुखले.

"काका, भंडाऱ्याच्या जत्रेत तुम्ही मले खांद्यावर घेतलं होतं. लहान होतो."

"मंग आता खाली उतरवतो तुले."

इतका हसला की ठसका लागला. पाठ यांनीच थोपटली.

पै. हात धुवायला गेले तेव्हा मी पोराला हळूच म्हटलं, त्यांची मान सांभाळ. त्याचा चेहरा पडला. "काकू, मी राखून खेळलो तं काकाले पहिल्या झटक्यातच समजन. मंग ते माह्यं तोंड नाही पाहणार." आणि मग, "तुम्ही असं बोलायले नको होतं मले."

बरोबर बोलला. चांगलं पोरगं आहे. वाईट असतं तर सोपं गेलं असतं.

आषाढ व. १२

माझ्या बसण्याचा निकाल लागला. मांडवाच्या कडेला, दोरीबाहेर एक खुर्ची. दोघं-तिघं जुने लोक कुरकुरले, बाईच्या सावलीनं माती बाटेल म्हणे. वस्ताद म्हणाले, "ज्याले वाटते माती बाटते त्यानं त्या दिवशी घरी बसावं, गर्दी तरी कमी होईन." पाच वर्षं मी भाषणं करून जे झालं नाही ते म्हाताऱ्यानं एका वाक्यात केलं. तेही माझ्या चुकीमुळे.

बावीस वर्षांत मी यांची एकही कुस्ती पाहिलेली नाही. घरी येणारे पाहिले: गुलालानं माखलेले, सुजलेले, एकदा खांदा निखळलेले.

संध्याकाळी पै. लसूण सोलत बसले होते, मान खाली. "तू खरंच पाहशीन?"

"पाहीन."

"पडलो तं?"

"माझ्या किती सभा पडल्या. तुम्ही उठून गेलात का?"

लसूण गरजेपेक्षा फार सोलला. दोन दिवस पुरेल.

श्रावण शु. ५

नागपंचमी. जिवंत आहेत, चालत घरी आले. उद्या लिहीन.

श्रावण शु. ६

माणसं झाडांवर, छपरांवर. मी एकटी बाई. पहिली काही मिनिटं लोक मलाच पाहत होते, मग विसरले.

पै. मैदानात उतरले. हेच का ते, जे रोज माझ्यासमोर जेवतात? माती उचलून कपाळाला लावली, नथ्थूच्या अंगावर टाकली. चालणं वेगळं. घरात भांड्यांना धक्का लागेल म्हणून अंग चोरून वावरतात, तिथे त्यांना सगळं मैदान पुरत नव्हतं. पाहिलं आणि पहिला विचार मूर्खासारखा आला, की मी हे इतकी वर्षं का पाहिलं नाही. कुठल्या नियमानं, कोणाच्या.

सुरुवात त्यांची. नथ्थूला दोनदा खाली घेतलं. तो दोनदा मासोळीसारखा निसटला. मग दम दिसायला लागला. पोराचा नाही. पै.चा. तोंड उघडं, बरगड्या भात्यासारख्या. हात अजून जाणते होते, पण पोचायला उशीर करत होते. मला कुस्ती कळत नाही, उशीर कळतो.

नथ्थूनं पट काढला, खालून पायच ओढले. पै. गुडघ्यांवर आले, पालथे. तो पाठीवर आणि दोन्ही हातांची कात्री मानेत. त्यानं राखलं नाही, शब्दाप्रमाणे. मान वाकायला लागली. जिकडे वाकू नये तिकडे.

वस्ताद पलीकडच्या काठावर, माझ्याकडे पाहत. त्यांना बोलायचा हक्क नव्हता.

पै.चा चेहरा मातीकडे. मला दिसत नव्हता. दिसला असता तर काहीतरी कळलं असतं.

मी उभी राहिले. मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा आवाज लावला. "माझा शब्द मी मागे घेते. कुस्ती सोडवा."

वाक्य पुरं व्हायच्या आत नथ्थूनं हात सोडले होते.

पै. उठून मातीतच बसले. माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. चुकून भलत्याच घरात शिरलेला माणूस पाहतो तसं. पंचांनी पुकारलं, बरोबरीत सुटली. कोणी चीत नाही. गर्दी निम्मी खूष, निम्मी नाखूष. मागून एकजण म्हणाला, "बाईनं वाचवला गा." दुसरा म्हणाला, "बाईनं घालवला."

कोर्टात उभी राहिले तेव्हा शब्द मागे घेतला नव्हता. काल घेतला. लाज वाटते का, हे स्वतःला विचारून पाहिलं. नाही वाटत. त्यांची पाठ पाहिली की मात्र काहीतरी होतं.

श्रावण शु. ८

"मीठ दे." "वखारीत जातो." याखेरीज शब्द नाही. मान शाबूत. हाडवैद्य म्हणाला, शाबूत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नंतर मी त्यांना नुसतं "शाबूत आहे म्हणे" म्हटलं. ते म्हणाले, "माह्यीच आहे, मले माहीत आहे."

श्रावण शु. ११

जेवताना, ताटाकडे पाहत, "मी निघालो असतो."

"कशातून?"

"त्या कात्रीतून."

"कसे?"

"उजवा पाय मोकळा होता."

"मला दिसला नाही."

"तुले कसा दिसन वं. पहिल्यांदा पाहून राहिली." मग बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "राग नाही. पण निघालो असतो."

श्रावण पौर्णिमा

आज लोडाला नथ्थू केलं. अंथरुणावर पालथे पडले, लोड पाठीवर घेतला आणि मला दाखवलं: पाय असा, कुल्हा असा, मग असं वळायचं. लोड लांब जाऊन पडला, समई थोडक्यात वाचली. "बघ." मी म्हटलं, लोडानं कात्री घातली नव्हती.

नथ्थू राखीच्या निमित्तानं आला होता. त्याला विचारलं, काका निघाले असते का? त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "माह्या हाताखाली काहीतरी हललं होतं काकू. पण ते निघण्यासाठी की दुखण्यासाठी, सांगता नाही येत."

वस्तादांना विचारायचं धाडस मला नाही, आणि यांनाही नाही. लंगोट मारुतीपाशी गेलेला नाही, ट्रंकेतही नाही. मागच्या अंगणात वाळत आहे. रोज धुतात.

श्रावण व. २

उद्या वर्ध्याला सभा. दुपारी मुद्दे काढत बसले होते. पै. आले, गोधडी अंथरली, गुडघ्यांवर वाकून पालथे झाले. "ये. लोडाले हात नाहीत."

म्हटलं, वेड लागलं का? खिडकी उघडी आहे, शेजारी काय म्हणतील.

"म्हणतीन, बाईनं अखेर धरला."

पदर खोचला. पाठीवर टेकले, त्यांनी सांगितलं तसे हात मानेखालून घालून बोटं गुंफली. मानेवर घाम, वखारीच्या सागाचा वास. जपून धरलं होतं. "असं नाही. त्या पोट्ट्यासारखं धर. राखून धरशीन तं मले समजते."

जोर लावला.

"आता मी म्हणन तवाही सोडू नको."

बरं म्हटलं. त्यांचा उजवा पाय खरंच मोकळा आहे, हे तेव्हा दिसलं. श्वास भरून घेतला त्यांनी. मी वाट पाहिली. पाय हलेना. त्यांना हलवायचा नव्हता की हलत नव्हता, की मी पाठीवर आहे म्हणून थांबले होते, मला वरून काही कळेना. तोंड पुन्हा खालीच.

"अहो," म्हटलं.

"थांब ना वं. करून राहिलो."

मी हात सोडले नाहीत.