आमच्या हॉटेलात ट्रॅप

२२ सप्टेंबर १९८६, तुळजापूर
आजपासून रोजनिशी. माणसाला डिसिप्लिन पाहिजे. नवरात्र तोंडावर आलं. आमच्या खानावळीचं वर्षाचं पोट त्या नऊ दिवसांवर. सोलापूरच्या यष्टीतून उतरलेलं गिऱ्हाईक पहिलं आपल्याकडं आलं पाहिजे, शेजारच्या रेवणप्पाच्या हॉटेलात न्हाय. यंदा नो चिडचिड.
पाण्याचा टँकर आला न्हाय. चिडचिड केली. उद्यापासून बंद.

२३ सप्टेंबर
परवान्याच्या हापिसातला शिपाई बब्रुवान सांगून गेला, सोमवारी नवे साहेब येणार. सगळ्या हॉटेलांत ट्रॅप लावायचाय. न्हाय लागला तर सील.
ट्रॅप म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. मी रोज पेपर वाचतो. नोटेला पावडर लावतात. साहेबानं नोट घेतली की त्याचे हात पाण्यात बुडवतात, पाणी गुलाबी होतं. देणारा, घेणारा, दोघंबी आत.
माझा काय संबंध? मी लाच देत न्हाय. जुन्या साहेबाला दर गुरुवारी बासुंदी पोचवत होतो. ती श्रद्धा.
घाबरलो न्हाय. पोट बिघडलंय ते शेंगाच्या चटणीनं.

२४ सप्टेंबर
दुपारी दोन अनोळखी इसम. झुणका-भाकर घेतली आणि सारखं पाणी मागायला लागले. पाणी कशाला पाहिजे ते मी लगेच ताडलं. संपलं म्हणून सांगितलं. ते ताट अर्धं टाकून रेवणप्पाकडं गेले.
आमची मंडळी, द्वारका, म्हणाली की ते अणदूरचे सोयरे होते, खंडोबाहून उन्हातनं आलेले. भोळी आहे.
डिसिजन: सरकारी माणसाला चहासुद्धा द्यायचा न्हाय.

२६ सप्टेंबर
रेवणप्पा मोरीपाशी खड्डा खणतोय. नोटा पुरत असणार! द्वारका म्हणाली, तोबी ट्रॅपच करतोय म्हणं, जरा जाऊन विचारा की. मी तिला समजावलं की ट्रॅप काय खणून करत न्हाईत.
लई हसलो. मग दार बंद करून आत बसलो. गिऱ्हाईक कमी.

२९ सप्टेंबर, सोमवार
साहेब आले. पोरसवदा, शर्ट आत खोचलेला. मागं बब्रुवान. मी चहा दिला न्हाय. खुर्चीबी न्हाय. मन घट्ट.
त्यांनी विचारलं, ट्रॅप केला का? बाहेर लपलेल्या साध्या वेशातल्या पोलिसांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, केला न्हाय, करणारबी न्हाय, हे हॉटेल स्वच्छ आहे! मग त्यांनी विचारलं, ग्रीस कुठं जातं? म्हणालो, आमच्याकडं गाडीच न्हाय, ग्रीस कशाला लागतंय.
ते मोरीत वाकले, तवंगात बोट घातलं आणि हात धुवायला पाणी मागितलं.
आलं! पाणी आलं! मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि ओरडलो, माझे हात साफ आहेत, तुमचे तुम्ही बघा! बब्रुवाननं हसू दाबायला स्वतःच्या तोंडात टॉवेल कोंबला.
मग साहेबांनी शांतपणे सांगितलं. ग्रीस ट्रॅप म्हणजे मोरीतला तीन कप्प्यांचा हौद. तेल-तूप वर अडतं, पाणी खालून जातं. शुक्रवारी पाणी सोडून दाखवायचं, तर परवाना. न्हायतर चूल पेटवायची न्हाय.
खड्डा! मी आठवडाभर एका खड्ड्याला भ्यालो. आता मात्र खरी भीती वाटते. शनिवारी घट बसतात.

१ ऑक्टोबर
हौद झाला. गवंड्याला एकेक वीट मीच दाखवली. मुळात माझा पिंड इंजिनिअरचा. हौद रेवणप्पाच्यापेक्षा हातभर मोठा, बहुतेक तालुक्यात नंबर एक. सिमेंटला मारायला टाकीतलं सगळं पाणी वापरलं. क्वालिटीत तडजोड न्हाय. टँकर उद्या येईलच.

३ ऑक्टोबर
टँकर यात्रेकडं वळवलाय.
साहेब म्हणाले, हौद छान आहे, पाणी सोडा. घरात एकच घागर. ती मांडीत धरून द्वारका बसली. म्हणाली, लेकरं काय सिमेंट पितील? मी तिच्या हाता-पाया पडलो, साहेबांच्याबी पडलो. साहेबांना वाईट वाटलं. पण बघितल्याशिवाय सही करता येत न्हाय म्हणाले. कोजागिरीनंतर पुन्हा येतील.
कोजागिरीनंतर तुळजापुरात कोण जेवायला येतंय? पोट पुन्हा बिघडलंय. चटणी खाल्लेली न्हाय.

४ ऑक्टोबर, घटस्थापना
पहाटेपासून यष्ट्या. आई राजा उदो उदो. लोक आमच्या पाटीकडं बघतात, बंद दाराकडं बघतात, पुढं जातात. मी आतून कडी लावून माणसं मोजणार होतो, मोजवलं न्हाय.
द्वारका सकाळीच रेवणप्पाकडं भाकरी थापायला गेली. मला विचारलं न्हाय. दुपारी तिचा निरोप आला, इथं भांडी घासायला माणूस कमी पडतंय, या.
मालकानं असं जाणं बरं दिसत न्हाय. मागच्या दारानं गेलो.
संध्याकाळपर्यंत घासली. खरकटं पाणी त्याच्या ट्रॅपमधनं जातं. तेल वर ऱ्हातं, पाणी खालून जातं. चांगलं चालतंय.