बिनधुराचा कोळसा

आई, ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की नातीचं लग्नही तू पाहिलं नाहीस. आता तिला मुलगा झालाय, तोही जपानात. जावई इथे कॉम्प्युटरच्या कामावर आलाय. टोकियोत हिगाशी-कसाई म्हणून भाग आहे, तिथे आपली माणसं इतकी झालीत की तूरडाळसुद्धा मिळते. मी बाळंतपणाला आले. चौथी शिकलेली बाई एकटी विमानात बसून आले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण परवा जे झालं ते या घरात कुणाशी बोलायची सोय नाही.

इथे बाळंतिणीला पाच-सहा दिवसांत घरी पाठवतात. घरी ना शेक, ना धुरी. पोरगी म्हणते, "आई, हीटर आहे ना खोलीत." मी म्हटलं, "हीटरनं तुझे केस वाळतील, कंबर नाही शेकायची." ओवा, वावडिंग, बाळंतशेपा मी पिशवीत आणलाच होता. जावयाच्या मागे लागून मातीची शेगडी आणि लाकडी कोळसा आणवला. हे लोक त्यावर मासे भाजतात. तो बिचारा म्हणाला, "आई, धुराचा अलार्म वाजेल हो, सगळी बिल्डिंग खाली उतरेल." मी म्हटलं, "तुम्ही तुमचा कॉम्प्युटर बघा." आणि तुझ्याकडून शिकले होते तसं केलं. निखारे बाहेर बाल्कनीत फुलवले, धुराची शेवटची रेघ जाईपर्यंत वारा घातला, लालबुंद झाल्यावरच आत पोरीच्या पलंगाशी आणले. धूर गेल्यावर कोळशाचं भय नाही, हे तूच सांगायचीस ना? अलार्म वाजला नाही. मी जावयाकडे असं बघितलं की काय सांगू. मग बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, इथे भिंतीत हवेसाठी गोल भोक असतं त्यात टॉवेल कोंबला, दाराखाली चादर दाबली, आणि अळिवाची खीर करायला स्वयंपाकघरात गेले.

खीर आटेपर्यंत आतून धप्पकन आवाज आला. जावई खाली कचरा टाकायला गेला होता, तो नेमका त्याच वेळी वर आला आणि माझ्याआधी आत घुसला. पोरगी जमिनीवर, ओकलेली, डोळे उघडे पण बोलत नाही. बाळ पलंगावर. उचललं तर मान लटकते आहे. त्यानं बाळाला छातीशी धरून बाल्कनी गाठली आणि माझ्यावर ओरडला, "काय केलंत तुम्ही हे?" आजवर आवाज चढवून बोलला नव्हता. मी म्हणाले, "अहो, धूर नव्हता!" तेवढंच म्हणत राहिले. ॲम्ब्युलन्समधून आलेल्या माणसांनाही मराठीतच सांगत होते, धूर नव्हता, धूर नव्हता.

वाचली दोघं. हे तुला आधी सांगायला हवं होतं, मला सुचत नाही. तोंडावर मास्क लावून नुसता ऑक्सिजन देत राहिले, आणि संध्याकाळी बाळानं रडून दवाखाना डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. कागदावर चित्र काढायला लागल्या आणि जावई सांगत गेला. आई, आपल्या छातीत दोन फुगे असतात असंच मी समजत होते. तसं नाही. गळ्यातून एक नळी उतरते, तिच्या दोन होतात, त्या दोघींना फांद्या, त्यांना आणखी बारीक फांद्या, झाड उलटं धरावं तशा. आणि टोकाटोकाला डोळ्याला न दिसणाऱ्या पिशव्या, इतक्या की मोजू नयेत. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर आमच्या या अख्ख्या फ्लॅटची जमीन झाकेल. प्रत्येक पिशवीच्या पातळ कातड्यापलीकडून रक्त वाहतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि आतली वापरलेली हवा बाहेर देतं. बरं, ही फुप्फुसं स्वतः ओढतसुद्धा नाहीत. खाली, पोटाच्या वर, एक मांसाचा पडदा आहे. तो खाली सरकला, बरगड्या फाकल्या, की हवा आपोआप आत. पन्नाशीला आले, जन्मभर श्वास घेतला, आणि हे मला ठाऊक नाही!

त्या म्हणाल्या, नाकातले केस धूळ अडवतात. नळीच्या आत मऊ लव असते, ती सारखी हलत घाण वर ढकलते. धूर गेला तर खोकला येतो. मी मध्येच तोडलं, "विचारा त्यांना, एवढी राखण असून, धूर नसताना, दोघांना बाधलं कशानं?" बाई म्हणाल्या, ही सगळी राखण दिसणाऱ्या, झोंबणाऱ्या गोष्टींची. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं खोकला येत नाही. धूर संपला तरी तो निघतच राहतो. तो सरळ पिशवीपर्यंत जातो आणि रक्तात ऑक्सिजनची जागा पकडून बसतो, सोडता सोडत नाही. माणूस श्वास घेतोय, छाती वरखाली होतेय, आणि आत गुदमरतोय. बाळाचा श्वास आपल्या दुप्पट-तिप्पट वेगानं चालतो, म्हणून बाळाला आधी. मग त्या आणखी काही बोलल्या, ते जावयानं मराठीत सांगितलंच नाही. मी म्हटलं, "सांगा हो, काय लपवताय?" तो खाली बघून म्हणाला, "त्यानं रक्त लालभडक राहतं म्हणतात. त्यामुळे माणूस गेल्यावरही कधीकधी गुलाबी दिसतो."

मग मला त्या खोलीतलं काहीच दिसेना.

मी आठ वर्षांची आहे. आपण पत्र्याच्या खोलीत नवे राहायला आलोय. बाहेर कडाका आहे, बाबांनी फटींमध्ये गोणपाट ठोकलाय. तू बाजेवर, बाजेखाली तू स्वतः फुलवलेली शेगडी, कुशीत बारा दिवसांचा भाऊ. सकाळी तू डोकं धरून ओकते आहेस आणि तो उठत नाही. शेजारणी म्हणतात, बघा तरी, ओठ कसे डाळिंबासारखे, झोपलाय जसा. आणि आजी दारातून बोट दाखवते: "हिच्याच अंगात विष आहे. ओकतेय बघा. हिच्या दुधानं मारलं माझ्या नातवाला."

पुढे धाकटा भाऊ झाला तेव्हा आजीनं तुला त्याला पाजू दिलं नाही, शेळी आणली. तू मोरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून दूध पिळून टाकायचीस आणि वर तांब्याभर पाणी ओतायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "जा, खेळ जा." तुझाही त्यावर विश्वास बसला होता. म्हणून माझ्या बाळंतपणात तू बाजेखाली शेगडी ठेवलीस, कौलातून आभाळ दिसणाऱ्या, हवा खेळणाऱ्या घरात, आणि मला म्हणालीस, "तुझं दूध चांगलं उतरलंय, माझ्यावर गेली नाहीस." तेव्हा मी हसले होते.

आता मी काय करू, सांग. दूध निर्दोष होतं हे तुला सांगायचं तर मग कशानं गेला तेही सांगावं लागतं. एका हातानं दोष काढून दुसऱ्या हातानं द्यायचा. आजी असती तर तिला मी खांद्याला धरून हलवलं असतं. तुझ्यापुढे माझं तोंड चालत नाही.

पोरगी आत बाळाला पाजतेय. मला हाक मारून विचारते, "आई, काय लिहितेस एवढं?" मी म्हटलं, किराणा.

तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि खरं सांगते, मी मधलं सगळं गाळून एवढंच वाचलं असतं की तुझं दूध चांगलं होतं.